हिरकणीची वाट

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. कोजागरीच्या दिवशी दूध घालायला गडावर गेलेली ही गवळण. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले आणि पहारेकरी हुकमाबाहेर जाईनात. घरी तान्हे मूल. तेव्हा अंधारात, काट्याकुट्यांतून ती कडा उतरून गेली. या कथेत आपण आईची माया पाहतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे कथेचा शेवट निराळ्या कारणाने महत्त्वाचा वाटू लागला आहे. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि ती जिथून उतरली तिथेच बुरूज बांधून घेतला. जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, हे त्यांनी ओळखले. दरवाजा किती भक्कम आहे हे दरवाजाकडे पाहून कळत नाही. कोणीतरी गडावरून उतरून दाखवावे लागते.

संगणकाच्या जगातही असे मुद्दाम हिरकणी होऊन पाहणारे लोक असतात. मालकाच्या परवानगीने ते त्याच्याच यंत्राची कुलपे हलवून पाहतात, आणि कुठे बुरूज हवा ते सांगतात. या कामाच्या एका साधनाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवी कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझ्यापाशी उत्तर आहे, पण ते जरा घरगुती आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही एका केंद्रावर जाऊन भरला होता. गर्दी फार. तेथील मुलगा भराभर अर्ज भरत होता आणि प्रत्येकाला एकाच साच्याचा पासवर्ड देत होता: पहिले नाव आणि पुढे एक, दोन, तीन. बहिणीने मला विचारले, "दादा, हा बदलायचा का?" मी म्हणालो, "राहू दे, लक्षात राहायला सोपा आहे." पुढे अर्जात एक कागद कमी असल्याची सूचना आली, परंतु ती आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही. मधल्या काळात कोणीतरी तिच्या खात्यात शिरून पासवर्ड आणि मोबाइल नंबर दोन्ही बदलले होते. कोणी आणि कशासाठी, हे अखेरपर्यंत समजले नाही. आम्हांला कळले तेव्हा मुदत संपली होती. त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली. वडिलांनी फीसाठी उसने पैसे आणले. घरात मला कोणी एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच अधिक लागले. "सोपा आहे" हे माझे शब्द होते. ते सोपे नेमके कोणाला होते, याचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागलो.

मराठीत पासवर्डला फार सुंदर शब्द आहे: परवलीचा शब्द. पहारेकऱ्याने "कोण आहे?" म्हणून विचारावे आणि येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारावा, की वाट मोकळी. संगणकाचा पहारेकरीही असाच आहे. तो माणसाचा चेहरा ओळखत नाही, त्याला फक्त शब्द ओळखता येतो. शब्द बरोबर असला की चोरालाही तो मालकच समजतो.

संगणकावर परवलीचा शब्द आला तो १९६०च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एकच मोठे यंत्र अनेकजण वापरत असल्यामुळे प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी ठेवण्यासाठी फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने ही सोय केली. आणि १९६२ मध्ये तेथल्याच ॲलन शेर या संशोधकाने यंत्रावर कामासाठी अधिक वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! म्हणजे कुलूप आणि कुलूपचोर दोघांचा जन्म जवळजवळ बरोबरच झाला.

याहून उद्बोधक हकिकत पुढची आहे. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघा संशोधकांनी खऱ्या वापरातले ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यांपैकी १५ पासवर्ड केवळ एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे, आणि ४९२ तर शब्दकोशांत किंवा नावांच्या याद्यांत जसेच्या तसे सापडले. एकूण २,८३१, म्हणजे शेकडा ८६ पासवर्ड, थोड्या खटपटीने हाती येणारे होते. हे सारे वापरणारे सुशिक्षित लोक होते. पुढे २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक आपोआप पसरणारा प्रोग्राम सुटला. अनेक वाटांनी तो यंत्रांत शिरत होता. त्यांतली एक वाट म्हणजे पासवर्ड ओळखणे. त्यासाठी त्याने पोटात ४३२ शब्दांची यादी बाळगली होती. तो लिहिणारा तरुण होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे त्याच मॉरिस यांचा मुलगा! बापाने दाखवलेली फट मुलाने वापरली. १९९० मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांचे परिवीक्षाधीन वर्तन, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड सुनावला.

आता त्या साधनाकडे वळू. त्याचे नाव हायड्रा. ग्रीक पुराणात हायड्रा हा अनेक तोंडांचा सर्प आहे. एक डोके छाटले की त्या जागी दोन उगवतात. आपल्याकडील रक्तबीजाची आठवण व्हावी असा हा प्रकार. साधनाला हे नाव शोभते, कारण ते एकाच वेळी अनेक तोंडांनी दार ठोठावते. 'द हॅकर्स चॉइस' या नावाच्या गटाने ते तयार केले असून ते कोणालाही विनामूल्य मिळते. त्याच्या माहितीपत्रकातच लष्करी किंवा हेरखात्याच्या संस्थांत आणि बेकायदेशीर कामासाठी ते वापरू नये, अशी विनंती छापलेली आहे.

हायड्रा वापरायला खिडक्या, चित्रे, बटणे लागत नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचे. यालाच कमांड लाइन म्हणतात. मला आधी याची धास्ती वाटली होती. पण विचार करता हे आपल्या, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांच्या, जवळचे काम आहे. वाक्य शुद्ध असेल तर यंत्र ऐकते, एक चिन्ह चुकले तर ऐकत नाही. व्याकरणाच्या सरांपेक्षा ते किंचित अधिक कडक आहे इतकेच.

महाविद्यालयातील संगणकाच्या सरांकडे मी गेलो. त्यांनी दोन अटी घातल्या. परवानगी लेखी हवी, आणि प्रयोगाची यंत्रे बाहेरच्या जगाशी जोडलेली नकोत. प्रयोगशाळेतले दोन जुने, अडगळीत पडलेले संगणक त्यांनी दिले. दोहोंवर आम्ही उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती घातली. तिच्यात हायड्रा बसवणे म्हणजे एका ओळीचे काम: सुडो ॲप्ट इन्स्टॉल हायड्रा. 'सुडो' म्हणजे यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने, 'ॲप्ट' हा सामान आणून देणारा कारकून, आणि पुढे सामानाचे नाव. तेवढ्यापुरते इंटरनेट लागते. ते झाल्यावर सरांनी स्वतः वायर काढली आणि दोन्ही यंत्रे फक्त एकमेकांना जोडली.

पहिली संध्याकाळ फुकट गेली. हायड्रा सारखे "जोडणी नाकारली" असे सांगे. कारण शोधता शोधता वीज गेली, ती परत आली तेव्हा सरांची घरी जायची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी उमगले की ज्या यंत्रावर आम्ही दार ठोठावत होतो त्याला दारच नव्हते! दुरून आत येऊन काम करू देणारी सेवा, जिला एसएसएच म्हणतात, ती त्या यंत्रावर बसवलेलीच नव्हती. ती बसवली. यातून एक धडा मात्र विनासायास मिळाला: जे दार लागत नाही ते ठेवूच नये. नसलेले दार कोणीही फोडू शकत नाही.

मग त्या यंत्रावर 'पाहुणा' नावाचे एक खाते उघडले आणि त्याचा पासवर्ड ठरवण्याचे काम माझ्या एका वर्गमित्राकडे दिले. तोही आमच्या धानोऱ्याचाच. मोठ्या विश्वासाने म्हणाला, "असा शब्द ठेवलाय, सात जन्मांत सापडायचा नाही तुला."

हायड्राला आज्ञेत चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोणत्या नावाने जायचे, कोणत्या यादीतले शब्द वापरायचे, कोणत्या यंत्रावर जायचे आणि कोणत्या दाराने. यातली यादी हाच सगळ्याचा प्राण. यंत्र स्वतः काही ओळखत नाही. आपण दिलेले शब्द ते न कंटाळता एकामागून एक उच्चारते. तेव्हा खरे काम माझ्याकडे होते. इंटरनेटवर फिरणाऱ्या तयार याद्या मी घेतल्या नाहीत. वहीच्या पानावर ७५ शब्द लिहिले: गावाचे नाव, जिल्ह्याचे नाव, आमच्या भागातले देवदेवता, क्रिकेटपटू, नट, मोटारसायकलींची नावे, आणि मित्राच्या घरातल्या माणसांची नावे. प्रत्येकाचे पहिले अक्षर एकदा लहान, एकदा मोठे. प्रत्येकाच्या पुढे सहा प्रकारची शेपटी: काहीच नाही, १२३, १२३४, ॲटचे चिन्ह घालून १२३, जन्मसाल आणि चालू साल. पंचाहत्तर दुणे दीडशे, सक नऊशे. झाली यादी.

यंत्र सुरू केले. एसएसएचचे दार एका वेळी फार तोंडे सहन करत नाही, म्हणून हायड्राला चारच तोंडांनी बोलायला सांगितले. मिनिटाला सुमारे शंभर शब्द या गतीने काम चालले. मित्र हसत बसला होता. सहाव्या मिनिटाला पडद्यावर एक रंगीत ओळ उमटली आणि तो हसायचा थांबला. त्याच्या आजीचे नाव, ॲटचे चिन्ह आणि १२३. हे नाव कोणाला सुचणार नाही असे त्याला वाटले होते. पण त्या आजीला अख्खा गाव ओळखतो! आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "अरे, माझ्या ईमेललाही हाच आहे." त्या क्षणी त्याच्या साऱ्या पत्रांची किल्ली माझ्या हातात होती. मी पडद्याकडे पाठ केली आणि त्याने तिथेच, फोनवर, तो बदलला.

या प्रसंगाचा हिशेब मांडून पाहू या. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून सहा अक्षरी शब्द किती होतील? ३०,८९,१५,७७६. मिनिटाला शंभर या वेगाने ते सारे तपासायला जवळजवळ सहा वर्षे लागतील. आठ अक्षरी शब्द घेतले तर सुमारे चार हजार वर्षे. मित्राचा पासवर्ड तर आठांहून लांब होता, आणि त्यात चिन्ह व आकडेही होते. गणिताप्रमाणे तो सात जन्म टिकायला हवा होता. तो सहा मिनिटे टिकला, कारण मी गणिताने शोधत नव्हतो, मी माणसाला शोधत होतो. ओळखणारा हुशार असावा लागत नाही. आपण सगळे एकसारखे आहोत, एवढ्यावर त्याचे भागते. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीतून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड बाहेर फुटले, तेव्हा त्यांत सर्वाधिक आवडता कोणता निघाला? १२३४५६. तो सुमारे २ लाख ९० हजार जणांनी ठेवलेला होता. जगाच्या पाठीवर कोठेही जा, माणूस कंटाळला की एक, दोन, तीन म्हणू लागतो.

आता बुरूज बांधण्याची पाळी. दुसऱ्या यंत्रावर आम्ही 'फेल-टू-बॅन' नावाचा पहारेकरी बसवला. त्याचा नियम साधा: दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा शब्द आला, की त्या पत्त्यावरून येणाऱ्याला दहा मिनिटे दार बंद. पुन्हा तीच यादी लावली. पाचव्या शब्दाला हायड्राची सगळी तोंडे मिटली. जी नऊशे शब्दांची यादी नऊ मिनिटांत संपली असती, तिला आता तीस तास हवेत. एटीएमवर चार आकडी पिन कसा पुरतो, हेही येथे कळते. सारे मिळून दहाच हजार पिन आहेत. पण तीन चुकांनंतर कार्ड अडवले जाते, म्हणून अंदाजाने पिन लागण्याची शक्यता दहा हजारांत तीन राहते. परवलीच्या शब्दाइतकाच चुका मोजणारा पहारेकरीही मोलाचा असतो.

पण त्यालाही चकवता येते. एका पत्त्यावर बंदी आली तर हजार पत्त्यांवरून यावे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कॅमेरे, राउटर अशी घरगुती यंत्रे लाखांनी ताब्यात घेतली ती साठेक ठरीव नावे आणि पासवर्ड यांच्या जोरावर. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. दुसरी चाल याहून कपटी आहे. एका खात्यावर हजार शब्द न वापरता एकच शब्द हजार खात्यांवर वापरायचा. प्रत्येक खात्यावर एकच चूक, त्यामुळे चुका मोजणारा गप्प. हे सर समजावून सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते केंद्र, ती रांग आणि तो एकाच साच्याचा पासवर्ड उभा राहिला. रांगेतल्या कोणालाही पुढच्याचे नाव माहीत होते, म्हणजेच त्याचा पासवर्डही माहीत होता. बहिणीच्या खात्यावर हायड्रा चालवायची कोणाला गरजच पडली नव्हती.

हे साधन हाती आल्यावर मोह होतो, हे मी लपवत नाही. त्याच संध्याकाळी मित्र म्हणाला, "आता शेजारच्या वाय-फायवर लावून बघू, गंमत म्हणून." येथेच रेघ आहे. आपले दार ठोठावणे ही तपासणी, दुसऱ्याचे ठोठावणे हा अपराध. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते, आणि ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरण्यासाठी तर ६६-क हे स्वतंत्र कलम आहे. हिरकणीने आपल्या घरची वाट धरली होती. दुसऱ्याच्या घराकडे उतरली असती तर तिच्या नावाचा बुरूज झाला नसता.

कितीही उत्तम बुरूज बांधला तरी माणसाच्या जिभेला बुरूज नाही. २००५ मध्ये पुण्यात उघडकीस आलेल्या प्रकरणात एका कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक-ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन मिळवले आणि त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर काढले. कोणतेही कुलूप फोडले नाही. किल्ली मागितली आणि ती मिळाली. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने विशेष लक्षात ठेवावी. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हापासून बारा आकडी ओळख आपल्या भागात घरोघरी पोहोचली आहे. पण आधार क्रमांक म्हणजे नाव. मोबाइलवर येणारा ओटीपी म्हणजे परवलीचा शब्द. नाव चारचौघांत सांगितले जाते, परवलीचा शब्द कोणालाच सांगायचा नसतो, हा भेद आमच्या कित्येक घरांत अजून कोणी समजावून सांगितलेला नाही. "साहेबांचा फोन होता, नंबर विचारला, सांगितला," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. असे पैसे गेल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

मग पासवर्ड ठेवावा तरी कसा? २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांचा सारांश असा: लांबी महत्त्वाची, वारंवार बदलण्याची सक्ती नको, आणि नेहमीच्या फुटलेल्या याद्यांत असलेला शब्द स्वीकारूच नये. एक जुनी युक्ती मला आवडली, ती १९९५ पासून प्रचारात आहे. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची आणि पाच फासे टाकून त्या दानाचा शब्द उचलायचा. असे चार शब्द काढले तर छत्तीस कोटी गुणिले एक कोटी इतक्या जोड्या होतात. यात निवड आपण करत नाही, फासे करतात; म्हणून आजीचे नाव ओळखणारा मित्रही येथे हतबल होतो. आपल्या बोलीतला शब्द ठेवला की झाले, असे मात्र समजू नये. तो शब्द परक्याला ठाऊक नसेल, शेजाऱ्याला असतो. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवावा, आणि लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून ती वही घरच्या ट्रंकेत ठेवावी. एकच शब्द सगळीकडे वापरण्यापेक्षा हे शतपटीने बरे. जिथे सोय असेल तिथे पासवर्डाच्या जोडीला ओटीपीची दुसरी कडीही लावावी.

प्रयोग संपल्यावर सरांनी 'पाहुणा' खाते पुसून टाकले, माझी नऊशे शब्दांची यादीही पुसायला लावली आणि आमच्या लेखी परवानगीच्या कागदावर "काम पूर्ण" असा शेरा मारला. त्यानंतरच्या रविवारी मी घरी सापशिडीचा फासा काढला आणि बहिणीला घेऊन बसलो. फासा एकच असल्यामुळे तो प्रत्येक शब्दाला पाच वेळा टाकावा लागला. पहिला शब्द आला तेव्हा ती हसू लागली, दुसऱ्याला अधिकच. चौथा आल्यावर तिने वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, "दादा, आता तू तिकडे बघ."

मी तिकडे पाहिले. या वर्षी तिचा अर्ज वेळेत मंजूर झाला. पासवर्ड काय आहे, मला ठाऊक नाही.